काठ सोडून मोजलेलं आकाश

दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला कापसावर लिहायला सांगितलं होतं. त्यांचं काही चुकलं नाही. अकोल्याच्या कापूस बाजारात माझा जन्म गेला. रुईचा पुंजका दोन हातांत धरून ओढायचा, उजेडाला लावायचा आणि मालाची प्रत सांगायची, या कामाला ग्रेडर म्हणतात आणि मी चांगला ग्रेडर होतो. पण मधली पाच वर्षं मी अमरावतीच्या एका कॉलेजात आकाश मोजत होतो. त्याबद्दल मला कोणी विचारत नाही आणि विचारलंच तर मी विषय बदलतो. या खेपेला बदलायचा नाही असं ठरवून बसलो आहे.

आकाश मोजत होतो म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे दुर्बीण उभी राहते. आमच्याकडे दुर्बीण नव्हती. आमचं आकाश लाकडी खोक्यातून रेल्वे पार्सलने यायचं. दक्षिणेतल्या एका वेधशाळेकडून बापट सरांनी आकाशाच्या छायाचित्रांचे मोठाले कागद मोजणीपुरते मागून आणले होते. ते खिडकीशेजारच्या टेबलावर पसरायचे, घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावायचं आणि अकरा ते पाच मोजत बसायचं. पाचला शिपाई कुलूप लावी, की आमचं आकाश बंद.

बापट सर मूळचे पुण्याकडचे, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. अकोल्याच्या जठारपेठेत त्यांचे साडू राहत. त्यांच्याकडे आले असताना सर एकदा बाजार पाहायला आले आणि माझ्यामागे तासभर उभे राहिले. मी दिवसभरात शेकडो नमुने पाहतो आणि सकाळी ज्याला एक प्रत दिली त्याला संध्याकाळी दुसरी देत नाही, याचं त्यांना फार नवल वाटलं. दुसऱ्या दिवशी ते एक कागद घेऊन आले. पांढऱ्या कागदावर काळे ठिपकेच ठिपके.

"यात तुम्हाला काय दिसतं?" त्यांनी विचारलं.

"कचरा," मी म्हणालो. "माल दुसऱ्या प्रतीचा हाये."

भोवतीचे हमाल हसले. सर हसले नाहीत. "या कचऱ्यात दोन जाती आहेत," ते म्हणाले. "वेगळ्या करता येतील का?"

मी कागद उजेडाकडे वळवला. काही ठिपके सुईने टोचल्यासारखे स्वच्छ होते. काहींच्या कडा विसकटलेल्या होत्या, त्यांना लव होती. मी पेन्सिलीने लववाले वेगळे केले. सरांनी खिशातला दुसरा कागद काढून ताडून पाहिला आणि मला अमरावतीला यायचं आमंत्रण दिलं. बाजाराचा हंगाम दसऱ्यापासून उन्हाळ्यापर्यंत, पुढे हात रिकामेच. मी हो म्हणालो, आणि मग हंगामातही परत गेलो नाही. अंजनगाव सुर्जीकडे आमची माळ्यांची वस्ती, वांगी-मिरच्या नि झेंडू लावणारी. माझे वडील म्हणाले, "डोयानं कापूस पाहत होता तेच बरं होतं. आता ठिपके पाहाले शयरात चालला." पण मनातून त्यांना अभिमान वाटत असावा, कारण गावात ते मला प्रोफेसर म्हणू लागले.

आता काम काय होतं ते सांगतो. ते छायाचित्र उलटं असतं, म्हणजे आकाश पांढरं आणि उजेड काळा. स्वच्छ ठिपका म्हणजे तारा. लववाला ठिपका म्हणजे दीर्घिका, अब्जावधी ताऱ्यांचं एक गाव, फार लांबून पाहिलेलं. काही दीर्घिका एकट्या पडलेल्या असतात, तर काही ठिकाणी शेकडोंनी दाटी करून राहतात. अशा दाटीला दीर्घिकांचा समूह म्हणतात. आणि हजारात एखादी दीर्घिका अशी असते, की तिच्या लवीच्या मधोमध एक गच्च काळा कण असतो. म्हणजे तिच्या पोटात काहीतरी भयंकर तेजाने जळत असतं. तिला पाहिल्याबरोबर मी म्हणालो, "ही सरकी. रुई चिकटलेली सरकी अशीच दिसते." सरांना शब्द आवडला. आमच्या खोलीत तेजस्वी पोटाच्या दीर्घिकेला सरकी हेच नाव पडलं.

त्या पोटात काय असतं हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं. कृष्णविवर हा शब्द आमच्यापर्यंत यायचा होता. तिथे एक प्रचंड वजनाची वस्तू बसलेली असते, आजूबाजूचा वायू ती ओढून घेते आणि पडता पडता तो वायू तापून उजळतो, हे पुढे कळलं. परदेशात तेव्हा एक तर्क चालू होता, की दाटीत दीर्घिका एकमेकींवर आदळतात आणि त्यातून ही खळबळ उठते. सरांचा प्रश्न साधा होता. शेजाराचा या पोटातल्या आगीवर काही परिणाम होतो का? सरक्या गर्दीत जास्त सापडतात की एकांतात?

हा प्रश्न ज्याने आपला करून घेतला तो प्रल्हाद तायडे. सरांचा संशोधक विद्यार्थी, तेल्हाऱ्याजवळच्या एका खेड्यातला. वडील लहानपणीच गेलेले, आई मजुरीने कापूस वेचायची. छप्पन्न साली त्यांच्या घराने दीक्षा घेतली तेव्हा तो मॅट्रिकला होता. अंगाने किरकोळ, बोलणं थोडं आणि एकदा गणिताला बसला की हाक मारलेली ऐकू जायची नाही. त्याच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला तो पहिला. मला तो भाऊ म्हणे. दुपारी आम्ही एकाच टेबलावर डबे उघडत असू. त्याच्या डब्यात बहुधा भाकर आणि मिरच्यांचा ठेचा असे, आणि मी माझी भाजी पुढे सरकवली तर तो आधी ठेचा माझ्या पोळीवर ठेवी, मगच भाजी घेई.

काम आम्ही वाटून घेतलं होतं. एकट्या दीर्घिका तायडे मोजायचा, समूह मी. प्रत्येक समूहाभोवती सरांनी पेन्सिलीने दोन वर्तुळं काढून दिली होती, आतलं दाटीचं आणि बाहेरचं, विरळ काठ धरून. दोन्हींतलं सगळं मोजायचं होतं.

इथे माझ्या हातून जे झालं ते नीट सांगायला हवं. गाठीतून नमुना काढताना ग्रेडर वरचा थर कधी घेत नाही. गाठ जमिनीवर घासलेली असते, तिला धूळ, तेल, इतर गाठींची सरकी लागलेली असते. तो थर फाडून टाकायचा आणि आतली रुई घ्यायची. बाहेर लागलेला कचरा मालाच्या नावावर धरला तर शेतकऱ्यावर अन्याय होतो. ही सवय माझ्या हाडात होती. समूहाची दाटी मी ठिपकान् ठिपका मोजली. काठाच्या पट्ट्यात सरकी दिसली की माझं मन म्हणे, ही बाहेरून लागलेली, या मालातली नव्हे. मी तिला बाहेरची समजून सोडून देई. खोटं लिहितो आहे असं मला एकदाही वाटलं नाही. उलट आपण माल स्वच्छ तपासतो आहोत याचं समाधान वाटे. आणि माझी मोजणी कोणी तपासत नसे, कारण नजर म्हणजे माझीच, असा लौकिक होता.

तीन वर्षांनी उत्तर निघालं ते सगळ्यांना चकित करणारं होतं. एकट्या दीर्घिकांत सरक्या होत्या. समूहांत जवळजवळ नव्हत्याच. परदेशी तर्काच्या अगदी उलट. गर्दीने आग भडकत नाही, विझते, असं तायडेने निबंधात लिहिलं. सर इतके खूश झाले की वर्गात शिकवता शिकवता थांबून हसायचे. त्याच सुमारास वरच्या संशोधनासाठी एक मोठी शिष्यवृत्ती जाहीर झाली होती. मुलाखतीला छापण्यायोग्य निबंध दाखवायचा होता. तायडेच्या हातात तो होता, आणि त्याचं वय पाहता पुढच्या वेळी अर्ज करता येणार नव्हता. ही एकच संधी होती.

निबंध टंकायला गेला त्या आठवड्यात तो मला त्याच्या गावी घेऊन गेला. वेचणीचे दिवस होते. त्याची आई दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचत होती. आम्ही धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, उभे राहिलो. कंबरेला ओटी बांधून ती बांधाच्या कडेची ओळ वेचत होती आणि तिची ओटी बघता बघता भरली.

"माय, मधातून काहून नाई घेत?" मी गमतीने विचारलं.

"मधात काय हाये, भाऊ?" ती हात न थांबवता म्हणाली. "मधातली पराटी दाटीत वाढते, एकमेकीचं खाते. धुऱ्यावरचीले ऊन भेटते, हवा भेटते. बोंडं पाहा ना हिची. सारा माल काठालेच असते."

काठाच्या पट्ट्यात सोडून दिलेल्या सरक्या मला आठवल्या. तायडे बाजूला उभा राहून आईच्या ओटीकडे पाहत होता. तिने आम्हाला ज्वारीची भाकर नि वांग्याची भाजी वाढली आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "पोराचं आता तुमच्याच हाती हाये."

अमरावतीला आल्यावर, तायडे वर्ग घेत असताना, मी चार कागद काढून फक्त काठ पाहिले. या खेपेला नजर मुद्दाम बदलून पाहिलं. चारही कागदांवर काठाला सरक्या होत्या. मी त्या तीन वर्षांपूर्वी पाहिल्या होत्या आणि सोडल्या होत्या. कागद होते तसे ठेवून दिले.

त्या दिवसापासून नऊ दिवस मी गप्प राहिलो. कारणं मला पुष्कळ सुचली. चार कागदांवरून काय ठरतं? सर तपासतील. मुलाखत होऊन जाऊ दे, मग सांगू. पण खरं कारण एकच होतं. माझी नजर चुकली हे मला माझ्या तोंडाने म्हणवत नव्हतं. बाजारात मी त्याच नजरेवर मान ताठ ठेवून चाललो होतो. या नऊ दिवसांत निबंध टंकून आला, सरांनी सही केली आणि शोधपत्रिकेच्या नावाचं पाकीट टपालात पडलं. तायडे दुपारी डबा उघडून माझी वाट पाही आणि मी काहीतरी निमित्त काढून चहाच्या टपरीवर जाऊन बसे.

नवव्या दिवशी तो निबंधाची कार्बनप्रत घेऊन माझ्यापाशी आला. शेवटचं पान त्याने उघडून धरलं होतं. तिथे आभार होते. आधी सरांचे, मग माझं पूर्ण नाव आणि पुढे लिहिलं होतं, की या कामातली सर्व समूहांची मोजणी यांच्या अचूक नजरेची आहे. माझं नाव छापील अक्षरात मी पहिल्यांदाच पाहत होतो. अचूक या शब्दाच्या पुढे मला वाचवेना.

"प्रल्हाद," मी म्हणालो, "हे खोड. मी काठ मोजले नाईत."

सगळं सांगितलं. गाठीचा वरचा थर, माझी सवय, चार कागद. नऊ दिवसांचं मात्र सांगितलं नाही. आदल्या दिवशी लक्षात आलं असं म्हणालो. त्याने शेवटी विचारलं, "किती असतील?"

"मधात आहेत त्याच्या कितीतरी पट."

तो उठला आणि सरांकडे गेला. मीही मागोमाग गेलो. सरांनी ऐकून घेतलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला. माझ्यावर ते ओरडले असते तर बरं झालं असतं. "मीच तपासायला हवं होतं," ते म्हणाले. मग तायडेकडे वळून म्हणाले, "हे बघ, आतल्या भागापुरतं तुझं म्हणणं खरंच आहे. मुलाखत तेवढी होऊ दे. दुरुस्ती मागाहून पाठवता येते."

"निबंधात समूह लिहिलं आहे, सर. आतला भाग असं नाही लिहिलं," तायडे म्हणाला. सरांशी तो पुस्तकी मराठीत बोलायचा. "मोजताना काठावरचे गाळले आणि गावात कोणी नाही म्हणून सांगितलं, असं होईल. हे दुसऱ्या कोणाच्या हातून होऊ शकेल. माझ्या हातून कसं होईल?"

सरांनी चष्मा उचलून पुन्हा लावला. आमच्या गावात तायडेसारख्यांची घरं कुठे होती आणि गावजेवणाला माणसं मोजताना कुठे हात थांबायचा, हे मला माहीत होतं.

त्याच दुपारी आम्ही दोघं तारघरात गेलो. निबंध मागे घेत आहे अशी तार त्याने स्वतः लिहिली. त्याचं अक्षर नेहमीसारखंच होतं.

पुन्हा मोजणी केली. दोघांनी वेगवेगळी करायची आणि मग ताडून पाहायची, असा नेम धरला. त्यात तीन महिने गेले. उत्तर निघालं ते पहिल्यापेक्षा फार सुंदर होतं. दाटीच्या मध्यात सरक्या नाहीत, काठावर भरपूर. काठावरच्या दीर्घिका समूहात नव्याने येत असाव्यात, त्यांच्यापाशी स्वतःचा वायू अजून शिल्लक असावा आणि आत गेल्यावर तो हिरावला जात असावा, असा अंदाज तायडेने मांडला. पण मुलाखती होऊन शिष्यवृत्ती दुसऱ्या कोणाला गेली होती. नवा निबंध शोधपत्रिकेकडे पाठवला तो परत आला. काठावरच्या दीर्घिका खरंच त्याच समूहातल्या, की मागेपुढे कुठेतरी असून नुसत्या तिथे दिसतात, हे कसं ठरवलं, असं विचारलं होतं. प्रश्न रास्त होता. त्यासाठी प्रत्येकीचं अंतर मोजावं लागतं आणि अंतर मोजायला मोठी दुर्बीण लागते. आमच्याकडे घड्याळजीचं भिंग होतं.

वेधशाळेने कागद परत मागवले. आम्हीच ते खोक्यात भरले, मीच खिळे ठोकले. तायडेने तेल्हाऱ्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवण्याची नोकरी धरली. मी अकोल्याला बाजारात परतलो. गाठीचा वरचा थर पुन्हा फाडू लागलो, कारण तिथे तेच बरोबर असतं.

पुढे किती वर्षांनी तरी अमरावतीला एक पाहुणे शास्त्रज्ञ बोलायला आले. मी मागच्या बाकावर होतो. कृष्णविवरं, त्यांची भूक, गर्दीतला तापलेला वायू नव्या दीर्घिकेचा वायू कसा खरवडून नेतो, हे सगळं त्यांनी समजावलं. समूहाच्या अगदी मधोमध बसलेली थोरली दीर्घिका रेडिओ लहरींत पुष्कळदा गर्जत असते, ती गोष्ट वेगळी, असंही म्हणाले. बाकीच्यांच्या बाबतीत मध्य शांत आणि काठ जागा, असं पुष्कळ ठिकाणी दिसतं. मग पडद्यावर तसं चित्र लागलं. ते आमचंच चित्र होतं. शेजारच्या माणसाला सांगावंसं वाटलं, पण काय पुरावा देणार?

दुसऱ्या दिवशी मी एस.टी.ने तेल्हाऱ्याला गेलो. तायडे तेव्हा मुख्याध्यापक होता, केस पिकलेले. मी त्याला भाषणाची हकीकत सांगितली. तो शांतपणे ऐकत होता. मधूनच मान हलवी, एके ठिकाणी म्हणाला, "बरोबर आहे, तसंच पायजे." त्याच्या चेहऱ्यावर कडवटपणा शोधत होतो, तो सापडला नाही. तेव्हा मला राहवलं नाही.

"प्रल्हाद, मी तुले खोटं सांगतलं होतं," मी म्हणालो. "आदल्या दिवशी नाई समजलं मले. नऊ दिवस अगोदरच समजलं होतं. तेव्हाच बोललो असतो तं पाकीट गेलं नसतं. सगळे नाई, पण थोडे कागद तरी मोजून झाले असते. मुलाखतीले तुले काई तरी घेऊन जाता आलं असतं. तुयं नुकसान त्या चुकीनं नाई झालं. मी गप्प राह्यलो म्हणून झालं."

बाहेर पोरं पाढे म्हणत होती.

"भाऊ," तो म्हणाला, "गावाहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी, तुमी जेवायले आले नाई तेव्हा, मी पण ते काठ पाह्यले होते. मले पण दिसल्या होत्या."

त्याने टेबलावरची हजेरीवही मिटून बाजूला सारली.

"सरांनी सही केली तेव्हा मी समोर उभा होतो. पाकीट मीच टपालात टाकलं. मले ती जागा पायजे होती. मायचे हात पाहून पाहून पायजे होती. तुमी त्या दिवशी बोलले नसते, तं मी बोललो असतो का?" तो थांबला. "इतके वर्षं स्वतःले विचारून राह्यलो. उत्तर नाई भेटलं. तुमी बोलले, म्हणून मले आरशात माया तोंडाकडे पाहता येते."

मग त्याने शिपायाला चहा सांगितला. माझा हात टेबलावर होता, त्यावर त्याने आपला हात ठेवला आणि चहा येईपर्यंत काढला नाही.